विषय : हवाई छत्रीतील इसमाबाबत

अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारतो : "आपले नुकसान काय?"

माणूस तापून आलेला असतो. शेजाऱ्याचे, भावाचे, सासऱ्याचे सारे दोष त्याला पहिल्या दमात सांगायचे असतात. मी हात वर करून त्याला थांबवतो. कचेरी दोष वाचत नाही, नुकसान वाचते. पाणी तोडले, वाट अडवली, दाखल्यावर नाव चुकले, मयताची नोंद राहून गेली. नुकसान एका वाक्यात सांगता आले तर अर्जाला पाय फुटतात. नाही आले तर तो कपाटात जातो आणि तिथेच म्हातारा होतो. या प्रश्नाची उत्तरे मी आजवर शिव्यांत घेतली आहेत, रडण्यात घेतली आहेत, क्वचित मौनातही घेतली आहेत. परंतु गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका वृद्ध गृहस्थांनी जे उत्तर दिले तसे पूर्वी कोणी दिले नव्हते, आणि माझी लेखणी, जी सहसा अडत नाही, ती अडली. या अंकाच्या संपादकांनी व्यवसायातील अनुभव मागितले तेव्हा माझ्यापुढे अनेक गाजलेली प्रकरणे होती. ती बाजूला ठेवून हे एकच विस्ताराने लिहीत आहे.

आधी व्यवसायाविषयी, कारण नव्या पिढीला तो माहीत नाही. उल्हासनगरात एका सरकारी कचेरीसमोर, लाजवंती आंटींच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझे टेबल आहे. टेबलामागे माझी खुर्ची, पुढे अर्जदाराचे स्टूल. शाळेत मी नववीपर्यंत गेलो. त्यापुढचे शिक्षण कचेरीच्या दारात झाले आणि ते अद्याप चालू आहे. वकील कायदा जाणतो, कारकून नियम जाणतो. परंतु कारकुनाचा डोळा कागदाच्या कोणत्या ओळीवर प्रथम पडतो, हे अर्जलेखकाशिवाय कोणी जाणत नाही. हे मी गर्वाने नव्हे, अनुभवाने सांगतो.

आमच्या कामात तीन शब्द पाठ असावे लागतात. पहिला 'गैरअर्जदार'. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो. त्याला चोर, लुच्चा, नालायक असे काहीही म्हणायचे नाही, केवळ गैरअर्जदार म्हणायचे. दुसरा 'प्रत'. अर्जाच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' असे लिहून ज्यांना ज्यांना कळावे असे वाटते त्यांची नावे घालायची. तिसरा आणि सर्वांत थोर शब्द 'पोच'. अर्ज दिला याला अर्थ नाही. समोरच्याने तो घेतला, याची त्याची सही आपल्या कागदावर हवी. पोच म्हणजे मान्यता नव्हे. समोरचा वाटल्यास 'मिळाले, मजकूर मान्य नाही' असे लिहून सही करू शकतो. तो त्याचा हक्क. पण घेतच नाही, असे त्याला म्हणता येऊ नये. निम्मी भांडणे 'आम्हाला काही कळवलेच नाही' यावरून पेटतात.

आमच्या बुवापाड्यातले दोन भाऊ एकाच नळाच्या भांडणात माझ्याकडे आले होते. थोरला सकाळी, धाकटा संध्याकाळी. मी दोघांचेही अर्ज लिहिले. दोघेही एकमेकांचे गैरअर्जदार. धाकट्याने विचारले, "साळवीकाका, सकाळी भाऊ येऊन गेला ना? काय लिहिलं त्याने?" मी म्हणालो, "तुझ्याविषयी एकही वाईट शब्द नाही." आणि ते खरे होते, कारण तसा शब्द मी घालू दिलाच नव्हता. त्याने आपलाही अर्ज मऊ करवून घेतला. पुढे नळ एकच राहिला, त्याला तोट्या दोन बसल्या.

आताशा स्टूल बराच वेळ रिकामे असते. लोक मोबाइलवरच तक्रार करतात. तिथे नुकसानीचा प्रश्न कोणी विचारत नाही, रकाना भरला की झाले. घरीही माझ्याशी बोलणारे कोणी नाही. पत्नी निवर्तली, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. त्यामुळे कोणी स्टुलावर बसले की मी आवश्यकतेपेक्षा थोडे अधिक प्रश्न विचारतो, असे लाजवंती आंटी म्हणतात. ते मी अमान्य करत नाही.

त्या दिवशी आंटींनीच आपल्या सिंधी वळणाच्या मराठीत हाक दिली. "साळवीसाब, तुमचा गिऱ्हाईक! ए साईं, उन्हात नका ना उभा राहू, इधर सावलीला या."

ऐंशीच्या आसपासचे, ताठ कण्याचे गृहस्थ होते. शर्टाची इस्त्री कडक, पण उजवा हात थरथरत होता आणि तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. विंग कमांडर माणगावकर, हवाई दलातून निवृत्त, राहणार अंबरनाथ पूर्व. मी उभा राहिलो. सहसा मी उभा राहत नाही.

प्रकरण असे होते. त्यांच्या इमारतीसमोर एका मैदानाची लांब भिंत आहे. तिथल्या एका मंडळाने ती रंगवून घेतली. आपल्या वस्तीत एकाहत्तरच्या युद्धातला वैमानिक राहतो हे मंडळाच्या अध्यक्षांना कुठून तरी कळले, आणि नवरात्रात भिंतीवर चित्र आले. उजवीकडे आपले विमान. डावीकडे शत्रूचे पेटलेले विमान. मधोमध हवाई छत्रीला लटकलेला शत्रूचा वैमानिक, आणि आपल्या विमानातून त्याच्याकडे निघालेल्या लालपिवळ्या गोळ्यांची रांग. खाली मोठ्या अक्षरांत माणगावकर साहेबांचे नाव.

"त्या गोळ्या पुसायच्या आहेत," ते म्हणाले. "विमान राहू दे, नावही राहू दे म्हणतात तर राहू दे. गोळ्या नकोत. अध्यक्षांना भेटलो. ते म्हणाले, लेखी द्या."

"आपण स्वतः सुशिक्षित आहात," मी म्हणालो. "माझ्याकडे का आलात?"

"हात चालत नाही हे एक. आणि दुसरं म्हणजे मी लिहायला बसलो की त्याची माफी होते. चार वेळा लिहिलं, चारही वेळा माफीच झाली. मला माफी नको आहे, अर्ज हवा आहे."

हे मला फार आवडले. अर्ज आणि माफी यांतला फरक ओळखणारा मनुष्य विरळा. मी कागद ओढला. "गोळ्या झाडल्या नव्हत्या?"

"विमानावर झाडल्या. तो बाहेर पडल्यावर नाही."

मला या विषयातले काही कळत नव्हते. मी विचारले, आणि त्यांनी जसे मला समजावले तसेच इथे देतो.

"लोकांना वाटतं आम्ही समोरासमोर लढतो, राजांसारखं. तसं काही नसतं. समोरच्याला आपण दिसूच नये, अशा बेताने आपण त्याच्या मागून, उन्हाच्या बाजूने येतो. तसंच शिकवतात. ज्याने आधी पाहिलं तो जिंकला. त्यात शौर्य शोधू नका."

"मग न्याय-अन्याय कुठे आला?"

"तिथे नाहीच. तो नंतर येतो. विमान पेटलं, माणूस बाहेर पडला, छत्री उघडली, की तिथून न्याय सुरू. छत्री उघडेपर्यंत ते विमान असतं साळवी, उघडली की तो माणूस होतो. माणसाशी आमचं भांडण नव्हतं."

"हा नियम लेखी होता का?"

"असेल कुठे. मला तो जेवताना कळला. आमचे एक वरिष्ठ होते, ते मेसमध्ये पोळी मोडता मोडता म्हणाले होते, छत्रीतल्या माणसाला हात लावायचा नाही. नुसती गोळी नाही असं नव्हे, त्याच्या जवळूनही जायचं नाही. विमानामागची हवा इतकी घुसळलेली असते की जवळून गेलं तर त्याची छत्री मिटते. पाहायला म्हणून जावं आणि त्याला मारून यावं, असं होतं. म्हणून लांबून एक फेरी घ्यायची, तो कुठे उतरतो ते पाहायचं आणि निघून जायचं."

लेखी नसलेल्या नियमावर माझा विश्वास नाही. तरीही मी तो कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवला. मग त्यांना 'गैरअर्जदार' हा शब्द समजावून सांगितला. ते प्रथमच हसले.

"छान शब्द आहे. आम्हाला हा कोणी दिला असता तर! शत्रू नाही, गैरअर्जदार. मग तुम्ही कोणाच्याही विरुद्ध लिहिता?"

"पडलेल्याच्या विरुद्ध लिहीत नाही," मी म्हणालो. "एका कारकुनाला निलंबित केले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याविरुद्ध अर्ज करायला माणसे आली. आदल्या दिवसापर्यंत त्याला नमस्कार करणारीच. मी टेबल आवरून चहाला गेलो."

"म्हणजे तुमच्याकडेही छत्री आहे."

मला बरे वाटले. आणि मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "आता सांगा. या चित्राने आपले नुकसान काय झाले? बदनामी? मनस्ताप?"

त्यांनी कचेरीच्या जिन्याकडे पाहिले. मग म्हणाले, "अजून काही नाही. उलट फायदाच झाला. अर्ज मंजूर झाला की नुकसान होईल."

लेखणी अडली ती इथे.

त्यांच्या जोडीला त्या युद्धात वसंत नावाचा मित्र असे. विमाने जोडीने जात. एक पुढे, दुसरा त्याची पाठ राखायला. वसंत राखणारा. त्या दिवशी माणगावकर साहेबांनी समोरचे विमान पाडले, वैमानिक छत्रीने बाहेर पडला, आणि वारा त्याला त्याच्याच मुलखाकडे नेऊ लागला. रेडिओवर वसंत म्हणाला, "तो घरी पोहोचतोय. उद्या पुन्हा येईल. संपव त्याला." साहेब 'नाही' म्हणाले. वसंत पुन्हा म्हणाला. साहेब पुन्हा नाही म्हणाले, आणि दोघे परतले. त्यानंतर थोड्याच दिवसांत वसंत वेगळ्या कामगिरीवर गेला आणि आला नाही.

"त्यानेच पाडलं का?" मी विचारले.

"कोणालाच माहीत नाही. विमानातून तसा खुर्चीसकट बाहेर फेकला गेलेल्याचा कणा दुखावतो, त्याला लगेच उडता येत नाही बहुधा. मी स्वतःला हे फार वेळा सांगितलं आहे. पण बहुधा म्हणजे खात्री नव्हे."

"तेव्हा कोणाला विचारता आले नसते?"

"विमानात खुर्ची एकच होती, साळवी. रेडिओवर आवाज असतो. आवाज म्हणजे सोबत नव्हे."

वसंताला एकच बहीण, कुसुम. युद्धाआधी रजा जुळली की भाऊबीजेला दोघेही तिच्याकडे जात. दोन पाट शेजारी-शेजारी मांडून ती दोघांना ओवाळत असे, कारण साहेबांना सख्खी बहीण नव्हती. वसंताची ट्रंक घरी पोहोचवायला साहेबच गेले होते. तेव्हा त्यांनी तिला सारे सांगितले, न विचारता. ती एवढेच म्हणाली, "तो सांगत होता ना तुम्हाला? दोनदा सांगत होता ना?" आणि आत निघून गेली. त्यानंतर तिने त्यांच्याशी संबंध ठेवला नाही. तिचे लग्न झाले, मुले मोठी होऊन परदेशी गेली, यजमान वारले. आता ती बदलापूरला एकटीच असते. साहेब अंबरनाथला. अंतर एका स्टेशनाचे, आणि इतक्या वर्षांत एक फोन नाही.

मग भिंतीवर चित्र आले. कोणीतरी त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला, तो फिरत फिरत बदलापूरला पोहोचला. आणि एका सकाळी साहेबांचा फोन वाजला.

"म्हणाली, 'मारलं होतंत ना त्याला? मग मला का सांगितलंत मारलं नाही म्हणून? मी तेव्हा लहान होते म्हणून?' मी काही बोलायच्या आत रडायला लागली. म्हणाली, 'माझा इतक्या वर्षांचा राग फुकट गेला हो. या भाऊबीजेला या.'"

लाजवंती आंटींनी झेरॉक्सचे यंत्र केव्हाच बंद केले होते. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तो जाओ ना साईं. बहन बुलाती है. चित्र तर चित्र आहे."

मीही तोच सल्ला दिला, फक्त व्यवस्थित शब्दांत. "साहेब, अर्जाला मुदत नाही. भाऊबीज होऊ द्या. ओवाळून घ्या. अर्ज नंतर देऊ."

"तिने ओवाळलं आणि मी पाटावर बसलो, की ते चित्र खरं झालं," ते म्हणाले. "मग वसंतचंही मी ऐकलं असं झालं. ऐकलं नव्हतं मी त्याचं. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे आहे. ती देऊन टाकली तर पाटावर बसणारा कोण?"

मी अर्ज लिहिला. तो माझ्या हातून झालेल्या उत्तम अर्जांपैकी एक आहे असे मी मानतो, म्हणून त्यातला मुख्य भाग देतो.

'सदर चित्रात हवाई छत्रीने उतरत असलेल्या इसमावर गोळीबार होताना दाखवले आहे. सदर इसम त्या वेळी विमानात नव्हता व त्याच्याकडून कोणतीही चढाई होत नव्हती. अर्जदाराने त्याच्यावर गोळी झाडलेली नाही. झाडावी असे अर्जदाराच्या सहकाऱ्याने दोन वेळा सांगितले होते. तरीही झाडलेली नाही. सबब, चित्र वस्तुस्थितीस धरून नसल्याने गोळीबाराचा भाग काढून टाकावा, ही विनंती.'

"सहकाऱ्याची ओळ अर्जाला लागत नाही," मी म्हटले होते. "मंडळाला तिच्याशी काय कर्तव्य? उगाच फाटे फुटतील."

"अर्जाला लागत नाही, प्रतीला लागते."

"प्रत कोणाला?"

"कुसुमला."

नुकसानीची जागा मी कोरीच ठेवली. तसे मी कधी करत नाही.

मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथ भोईर, त्यांना सगळे गुरुभाऊ म्हणतात. मंडळाच्या कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला कॅरमबोर्ड टेकवलेला. मनाने मोकळा माणूस. अर्ज त्यांनी उभ्यानेच वाचला.

"काय साळवीकाका, एवढा कडक अर्ज! आणि साहेब, तुम्हाला तर हिरो केला आम्ही. पोरं सेल्फी काढतात तिकडे. गोळ्या काढल्या तर राहिलं काय? एक माणूस लटकतोय नुसता!"

"तेवढंच राहायला हवं," साहेब म्हणाले.

"अहो, पण पब्लिकला अॅक्शन पायजे ना. पेंटर पण बोलला, भाऊ, मधली जागा रिकामी दिसते. आणि कोणाला कळतंय? तो माणूस थोडाच येणारे बघायला?"

"तो येणार नाही. म्हणून तर आपण सांभाळायचं."

गुरुभाऊ खाली बसले. "बरं, एक विचारू? राग नका मानू हां. झाडल्या असत्या गोळ्या, तर काय झालं असतं? दुश्मनच होता ना?"

"कदाचित माझा मित्र आज जिवंत असता."

कार्यालयात दोन-तीन कार्यकर्ते मोबाइल पाहत होते, त्यांनी माना वर केल्या. गुरुभाऊंनी अर्जातली 'दोन वेळा' ही ओळ बोटाने पुन्हा वाचली.

"आणि आता, सगळं माहीत असून? आता तरी झाडल्या असत्या?"

"नाही."

"तरी नाही?"

"तरी नाही."

"आमच्यात असं नसतं बाबा," गुरुभाऊ हळू म्हणाले. "आमच्यात आपल्या माणसासाठी..." मग एकाला ओरडले, "ए, पेंटरला फोन लाव. आणि काकांना पोच दे, शिक्का मारून दे. नाहीतर काका रात्री झोपायचे नाहीत."

पेंटर दोन दिवसांनी आला. गोळ्यांवर त्याने निळा रंग दिला, परंतु आधीचा निळा संपलेला होता. नवा किंचित गडद निघाला. त्यामुळे आज त्या भिंतीवर फिकट आकाशात गडद आकाशाचा एक लांब पट्टा दिसतो, आणि त्या पट्ट्याच्या टोकाशी छत्रीतला माणूस एकटा.

राहिली प्रत. साहेब म्हणाले, "टपालाने टाका." मी म्हणालो, "टपालाने टाकलेली प्रत ही प्रत नव्हे. पोच मी स्वतः घेईन." खरे सांगायचे तर मला त्या बाईंना पाहायचे होते.

बदलापूरला तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. दार उघडेच होते आणि आतून तुपाचा वास येत होता. कुसुमताई खाली बसून करंज्या कातत होत्या. एकट्या बाईला लागतील त्याहून बऱ्याच अधिक. मी माझा परिचय दिला, अंबरनाथचे नाव घेतले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की प्रत पिशवीतच ठेवून परत फिरावे असे मला वाटले. परंतु माझ्या धंद्यात कागद परत नेत नाहीत.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, वाचले. एकदा वाचून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"शब्द माझे. म्हणणे त्यांचे."

"म्हणणं त्यांचं तेव्हाही हेच होतं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या मुलीने तो फोटो दाखवला ना, तेव्हा मला वाटलं, चला, शेवटी वसंताचं ऐकलं होतं कोणीतरी. मला म्हणून खोटं सांगितलं असेल. बरं वाटलं हो मला. खोटं सांगितलं म्हणून बरं वाटलं!"

मी पिशवीतली दुसरी प्रत चाचपली.

"तुम्हीच सांगा, तुम्ही अर्जबिर्ज लिहिता. त्याने ऐकलं असतं तर माझा भाऊ राहिला असता की नाही?"

"ताई, अर्जात नाही ते मला सांगता येत नाही."

"तुमचं बरं आहे."

त्या उठून आत गेल्या. मला वाटले, आता दार लागणार. परंतु त्या बशी घेऊन आल्या. बशीत दोन करंज्या. "ह्या तुम्हाला. इथेच खा. डबा देणार नाही."

मी खाल्ल्या. मग माझ्याजवळची दुसरी प्रत पुढे केली आणि जरा घुटमळत म्हणालो, "मिळाल्याची सही हवी. मान्य आहे असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्याला मान्य नसेल तर तसे लिहिता येते. तो आपला हक्क आहे."

त्यांनी पेन घेतले. हात स्थिर होता. लिहिले, 'प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही.' खाली सही केली, माहेरचे आडनाव लावून.

त्याच संध्याकाळी मी तो कागद साहेबांना नेऊन दिला. माझ्या आयुष्यात मी शेकडो शेरे वाचले आहेत. 'मान्य नाही' हा शेरा वाचून कोणाचा चेहरा निवळलेला मी पाहिला नव्हता. ते गॅलरीत दिव्याखाली कागद धरून उभे राहिले.

"मिळाली, असं लिहिलं आहे."

"होय. मान्य नाही असेही आहे."

"ते असणारच. पण मिळाली म्हणते. तेव्हा तिने माझं म्हणणं घेतलंच नव्हतं, साळवी. आत निघून गेली होती." त्यांनी कागदाची घडी घातली. "घेऊन मग नाही म्हणाली. हे वेगळं."

भाऊबीजेला मला जायला घर नव्हते. बहीण होती ती गेली. आंटींनी मिठाईचा पुडा दिला होता, "साईंना द्या, अकेला असेल," म्हणून. तो घेऊन मी संध्याकाळी अंबरनाथला साहेबांकडे गेलो. त्यांनी दाढी गुळगुळीत केली होती, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. कुठे निघालात का, असे विचारणार होतो, ते विचारले नाही. आम्ही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसलो. खाली रस्ता, पलीकडे भिंत. रस्त्यावर नव्या कपड्यांतल्या बहिणी, भाऊ, त्यांच्या पिशव्या. आम्ही दोघे आंटींची मिठाई खात होतो.

भिंतीसमोर एक रिक्षा थांबली. एक वृद्ध बाई उतरल्या. रिक्षावाल्याला त्यांनी हाताने थांबायला सांगितले आणि रस्त्याच्या कडेला, चित्रासमोर उभ्या राहिल्या. मी करंज्या खाल्लेल्या होत्या. मी ओळखले.

"साहेब," मी म्हणालो, "कुसुमताई."

ते माझ्या आधीच उभे होते.

त्या नुसत्या पाहत होत्या. आधी आपल्या विमानाकडे, मग त्या गडद पट्ट्याच्या कडेने हळूहळू चालत छत्रीतल्या माणसापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. त्यांनी मागे वळून पाहिले असते, मान थोडी वर केली असती, तर आम्ही दोघे त्यांना दिव्याच्या उजेडात दिसलो असतो.

"हाक मारू?" मी विचारले. "नाहीतर खाली जातो. दोन जिने तर आहेत, घेऊन येतो त्यांना."

त्यांनी माझे मनगट धरले. त्या थरथरत्या हाताला इतका जोर असेल असे मला वाटले नव्हते.

"नको, साळवी. लांबूनच. जवळ गेलं की छत्री मिटते."

खाली कुसुमताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि त्या रिक्षात बसल्या. रिक्षा वळली आणि बदलापूरच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत साहेब ताठ उभे होते. नंतरही ते बसले नाहीत, म्हणून मीही बसलो नाही.